बायपासनंतर पुन्हा ब्लॉक: घराण्याचा वाटा किती, उपचारांचा किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची ५४ व्या वर्षी बायपास झाली, तीन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालणाऱ्या रक्ताच्या नळ्या) बसवले. नऊ वर्षांनी चालताना पुन्हा छाती भरून येऊ लागली. अँजिओग्राफीत पायाच्या शिरेचे दोन्ही ग्राफ्ट बंद निघाले, छातीतल्या धमनीचा एक उत्तम चालू आहे. आजोबा ४७ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, काकांना ४५ व्या वर्षी स्टेंट बसला. वडील ॲटोर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी) २० मिलिग्रॅम घेतात आणि ताज्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ आहे. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की ‘हे तुमच्या रक्तातच आहे, कितीही बायपास करा, ते परत येणारच.’ आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: जनुकांमुळे ग्राफ्ट बंद पडतात का, जनुकीय चाचणी करावी का, आणि तुम्ही ३३ वर्षांचे, बहीण २९ ची, तर तुम्ही दोघांनी काय करावं.

‘रक्तातच आहे’ हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते घातक ठरतं. ते एकदा कानावर पडलं की माणूस हात टेकतो. गोळी चुकली तर काय बिघडतं, तंबाखू सोडून तरी काय मिळणार, असं मनाशी ठरवून टाकतो. ओपीडीत मी हे सतत बघतो आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे: वारसा जितका जड, तितका उपचार कडक हवा. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टांत तो कडक झालेला मला दिसत नाही.

आधी वडिलांचाच अँजिओग्राफीचा रिपोर्ट पुन्हा समोर घ्या. शरीर एकच, रक्त एकच, जनुकंही तीच. तरी एक ग्राफ्ट ठणठणीत आणि दोन बंद. जनुकंच सगळं ठरवत असती, तर तिन्हींची गत सारखी व्हायला हवी होती. फरक पडला तो नळी कुठून घेतली यामुळे. छातीच्या हाडामागून उतरणारी धमनी, जिला आम्ही लिमा म्हणतो, ती जन्मापासून धमनीचाच दाब सोसत आलेली असते. तिच्या भिंतीतला लवचीक पडदा शाबूत असतो, आणि धमनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड चांगलं तयार होत असल्याने तिच्यात चरबी सहज साठत नाही. पायाच्या शिरेला मात्र आयुष्यभर कमी दाबाच्या रक्ताची सवय. तिला उचलून एकदम महाधमनीच्या दाबाखाली जोडलं की तिची भिंत जाड होऊ लागते.

लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव्ह यांनी १९६४ साली छातीतली धमनी हृदयाच्या धमनीला जोडली होती. पण जगभर पसरली ती पायाच्या शिरेची पद्धत, जी अर्जेंटिनाचे रेने फाव्हालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये सुरू केली. पुढे १९८६ मध्ये त्याच क्लीव्हलँडमधून दहा वर्षांचे निकाल आले, आणि हृदयाच्या समोरच्या बाजूच्या मुख्य धमनीला लिमा जोडलेले रुग्ण जास्त जगतात हे स्पष्ट झालं. आज ढोबळ हिशेब असा: दहा वर्षांनी लिमा दहापैकी नऊ जणांत चालू असते, शिरेचे ग्राफ्ट मात्र निम्मे ते साठ टक्केच उरतात. म्हणजे नऊ वर्षांनी शिरेचे दोन ग्राफ्ट बंद पडणं दुःखद आहे, पण ते काही तुमच्या घराण्यावरचा शाप नाही. असं अनेकांचं होतं, घरात कुणालाही हृदयविकार नसलेल्यांचंही.

शिरेचा ग्राफ्ट तीन टप्प्यांत बिघडतो. पहिल्या महिन्यात गुठळी होऊन, वर्षभरात भिंत आतून जाड होऊन, आणि वर्षानंतर कोलेस्टेरॉल साचून. पहिल्या टप्प्यात शीर कशी काढली आणि ॲस्पिरिन वेळेवर सुरू झाली का, याला महत्त्व असतं. (स्वीडनमधल्या ओरेब्रोच्या सर्जननी शीर भोवतालच्या चरबीसकट, न ताणता काढण्याची पद्धत रूढ केली, तशी काढलेली शीर जास्त टिकते.) तिसरा टप्पा मात्र पुष्कळसा आपल्या हातात असतो. अमेरिकेत याच प्रश्नावर बायपास झालेल्या १,३५१ रुग्णांची चाचणी झाली, तिचे निकाल १९९७ मध्ये आले. एका गटाचं एलडीएल १०० च्या खाली आणलं, दुसऱ्याचं १३०-१३५ च्या आसपास राहिलं. चार वर्षांच्या सुमारास पुन्हा अँजिओग्राफी केली, तेव्हा पहिल्या गटात २७ टक्के ग्राफ्टमध्ये आजार पुढे सरकला होता, दुसऱ्यात ३९ टक्के. जनुकं दोन्ही गटांत सारखीच वाटली गेलेली. फरक फक्त गोळीच्या मात्रेचा.

आता जनुकांकडे येतो. हृदयविकार घराण्यात चालतो हे निर्विवाद आहे. स्वीडनमधल्या २१,००४ जुळ्यांच्या अभ्यासात (१९९४) असं दिसलं की एकसारख्या जुळ्या भावांपैकी एक ५५ च्या आत हृदयविकाराने गेला, तर दुसऱ्याचा धोका आठपट होतो. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत तो सुमारे चौपट. वय वाढत जातं तसा हा वारशाचा परिणाम फिका पडतो. म्हणून मी नातेवाइकांचा आजार विचारताना ‘कोणत्या वयात’ हे आवर्जून विचारतो. ८० व्या वर्षी गेलेल्या आजीपेक्षा ४७ व्या वर्षी गेलेले तुमचे आजोबा मला कितीतरी जास्त सांगतात.

पण आजार सुरू करणारी जनुकं आणि सुरू झालेला आजार पुढे ढकलणारी जनुकं एकच नसतात. ही गोष्ट डॉक्टरांनाही समजायला वेळ लागला. २००७ मध्ये नवव्या गुणसूत्रावरची ९पी२१ ही जागा सापडली. तिथली धोक्याची प्रत एका पालकाकडून आली तर हृदयविकाराची शक्यता पाव पटीच्या आसपास वाढते, दोन्हीकडून आली तर आणखी. कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर यांच्याशी तिचा संबंध नाही. ती बहुधा धमनीच्या भिंतीतच काहीतरी करते. मग साहजिक प्रश्न आला: बायपास झालेल्यांत हीच जागा पुढचं भविष्य सांगेल का? बोस्टन आणि ह्यूस्टनच्या बायपास रुग्णांवरच्या २०१० च्या अभ्यासात धोक्याच्या प्रती असलेल्यांमध्ये पुढच्या पाच वर्षांतले मृत्यू जास्त दिसले. आशा वाढली. पण २०१९ मध्ये एक लाखाहून जास्त हृदयरुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा आधीच आजार असलेल्यांत ९पी२१ चा पुढच्या अटॅकशी किंवा हृदयविकाराने येणाऱ्या मृत्यूशी संबंध जवळजवळ दिसेनासा झाला. पुन्हा स्टेंट किंवा बायपास लागण्याशी मात्र थोडा उरला.

याचं एक कारण समजून घ्यायला हवं. बायपासच्या टेबलावर पोचलेली सगळीच माणसं धोक्याचं काहीतरी गाठोडं घेऊन आलेली असतात. कुणाचं जनुकांचं, कुणाचं सिगारेटचं, कुणाचं वीस वर्षांच्या मधुमेहाचं. तिथून पुढे ज्याच्याकडे ९पी२१ नाही, त्याच्याकडे दुसरं काहीतरी नक्की असतं. त्यामुळे एकट्या ९पी२१ वरून कोण पुढे जास्त बिघडणार हे निवडता येत नाही. वडिलांचा हा रिपोर्ट काढून त्यांच्या औषधाची एकही गोळी बदलणार नाही.

मग वारशातलं काय बदलतं? तीन गोष्टी, आणि त्यातली पहिली तुमच्या घराला लागू होण्याची दाट शक्यता मला वाटते.

वडिलांचं एलडीएल ११८ आहे, तेही ॲटोर्वास्टॅटिन २० घेऊन. ही मात्रा एलडीएल साधारण ४० ते ४५ टक्क्यांनी उतरवते. गोळी रोज घेत असतील तर औषधाविना त्यांचा आकडा २०० च्या आसपास असणार. बायपासच्या आधीची जुनी फाइल शोधा आणि गोळी सुरू होण्यापूर्वीचा लिपिड प्रोफाइल मिळतो का बघा. तिथे एलडीएल १९० च्या वर असेल, आणि आजोबा-काकांचा इतिहास असा असेल, तर हे साधं ‘वाढलेलं कोलेस्टेरॉल’ नाही. याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, आम्ही बोलताना एफएच म्हणतो. यकृताच्या पेशीवर एलडीएल आत ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ते बनवणाऱ्या एलडीएलआर या जनुकात बहुधा दोष असतो, क्वचित एपीओबी किंवा पीसीएसके९ मध्ये. हे ग्राहक शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला हा दोष असतो, म्हणजे तो दुर्मीळ अजिबात नाही. दुर्मीळ आहे ते त्याचं निदान. बायपास होऊन, ग्राफ्ट बंद पडून, पुन्हा अँजिओग्राफी होऊन गेली तरी फाइलवर हा शब्द कुणी लिहिलेला नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना वडिलांच्या टाचेमागची जाड कंडरा आणि हाताच्या बोटांच्या मागचे स्नायुबंध चाचपून बघायला सांगा. तिथे गाठी किंवा जाडी असेल तर निदान जवळजवळ पक्कं होतं. डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडा ४५ च्या आधीपासून होती का, हे जुन्या फोटोत बघा. या खुणा नसल्या म्हणून एफएच नाही असं मात्र होत नाही.

याचं जनुकीय निदान करणारी चाचणी उपयोगी असते, कारण दोष सापडला तर घरातल्या बाकीच्यांत नेमका तोच शोधता येतो. पण ती ‘निगेटिव्ह’ आली तरी उपचार ढिला करायचा नाही. अनेक लहान लहान जनुकीय फरक एकत्र येऊनही एलडीएल एवढं चढतं, आणि धमनीला त्यातला भेद कळत नाही.

इथे थोडं वेगळं, पण आपल्याकडे महत्त्वाचं. आपल्या अनेक समाजांत, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात, मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. एकाच आजी-आजोबांकडून आलेला हा दोष नवरा-बायको दोघांतही असू शकतो. तसं असेल तर प्रत्येक अपत्याला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता चारात एक. अशा मुलांचं एलडीएल ५०० च्या वर जाऊ शकतं, कोपरा-गुडघ्यांवर पिवळट गाठी येतात आणि धमन्या लहानपणीच बंद होऊ लागतात. तुमच्या घरात असं नातं जुळलं असेल, किंवा जुळवायची बोलणी चालू असतील, तर आधी दोघांचा साधा लिपिड प्रोफाइल करा. लग्न मोडा असं मी म्हणत नाही; जन्मणाऱ्या मुलाची तपासणी पहिल्या वर्षांतच व्हायला हवी, एवढं त्यामुळे कळतं.

दुसरी गोष्ट लायपोप्रोटीन(ए). एलडीएलच्याच कणाला आणखी एक प्रथिन चिकटून तो तयार होतो. रक्तातलं त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे एलपीए या जनुकावर ठरतं. आहार, व्यायाम, वजन यांनी ते हलत नाही, स्टॅटिननेही नाही. दक्षिण आशियाई लोकांत ते युरोपीय लोकांपेक्षा जास्त असतं. बायपासशी त्याचा थेट संबंध क्लीव्हलँडच्या गटाने १९८८ मध्येच दाखवला होता: ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांचे शिरेचे ग्राफ्ट जास्त अरुंद झाले. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटर याच्या वर ते धोक्याचं मानतात. रिपोर्टवर एकक कोणतं लिहिलंय ते नीट बघा, एकाचं दुसऱ्यात सरळ गुणाकाराने रूपांतर होत नाही. ही तपासणी आयुष्यात एकदा पुरते. ते प्रमाण उतरवण्यासाठी पेलाकार्सेन, ओल्पासिरान अशी इंजेक्शनं मोठ्या चाचण्यांत पारखली जात आहेत. तोवर ते जास्त निघालं तर त्याचा अर्थ एकच: एलडीएल, बीपी, शुगर यांत कसलीही सवलत नाही.

तिसरी गोष्ट क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी रोखणारी गोळी. वडिलांची लिमा चालू असल्याने त्यांचे डॉक्टर दुसऱ्या बायपासऐवजी बहुधा त्यांच्या मूळ धमनीत स्टेंट बसवायचा विचार करतील. दुसऱ्यांदा छाती उघडण्यात जोखीम जास्त असते आणि चालू लिमेला धक्का लागण्याची भीती असते. स्टेंटनंतर ॲस्पिरिनसोबत बहुतेकदा क्लोपिडोग्रेल देतात. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, यकृतातलं सीवायपी२सी१९ हे विकर तिला कामाची बनवतं. त्या जनुकाची मंद प्रत असेल तर गोळी घेऊनही रक्त पुरेसं पातळ राहत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये या औषधावर याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. आपल्या उपखंडातल्या निम्म्याहून जास्त लोकांत निदान एक मंद प्रत आढळते. स्टेंट आधीच बंद पडला असेल किंवा गुंतागुंतीच्या जागी बसवायचा असेल, तर ही चाचणी मागण्यात अर्थ आहे, कारण उत्तराने औषध बदलतं: टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांना ही अडचण नाही. त्यांत रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त असतो, आणि आधी पक्षाघात झालेला असेल तर प्रासुग्रेल देत नाहीत, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच.

आणखी दोन नावं तुमच्या वाचनात येतील. चौथ्या गुणसूत्रावरच्या ४क्यू२५ या जागेमुळे बायपासनंतरच्या दिवसांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते. ते वडिलांच्या बाबतीत मागे पडलं. आणि एमवायबीपीसी३ या जनुकातला २५ अक्षरांचा लोप, जो आपल्या उपखंडात सुमारे चार टक्के लोकांत आहे आणि ज्याचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये दाखवला. ग्राफ्ट उघडे असूनही हृदयाचं पंपिंग घटत चाललं, तर त्या दिशेने विचार करतात. तुमच्या वडिलांचं पंपिंग ५५ टक्के आहे, त्यामुळे आज याची काळजी नको.

राहिला तो जाहिरातीतला ‘हृदयाचा संपूर्ण जनुकीय नकाशा’. लाखो जागांवरचे बारीक फरक मोजून धोक्याचे गुण देण्याची पद्धत खरी आहे, त्यावर उत्तम संशोधनही आहे. पण ते गुण मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले आहेत, आणि ज्याला आजार झालाच आहे त्याला ‘तुम्हाला आजाराचा धोका आहे’ हे सांगून काय मिळणार? ते पैसे वडिलांच्या औषधासाठी ठेवा. त्याच संशोधनातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: जनुकीय धोका सर्वांत जास्त असलेल्यांतही जे सिगारेट न ओढणं, वजन राखणं, नियमित व्यायाम आणि नीट खाणं यांतल्या किमान तीन गोष्टी पाळत होते, त्यांचा धोका २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात जवळजवळ निम्म्याने कमी निघाला.

वडिलांसाठी लगेच करायचं ते हे. गोळी रोज घेतात का, हे रागावून नव्हे, शेजारी बसून विचारा. अंग दुखतं म्हणून ते टाळत असतील तर डॉक्टरांना सांगा. रोसुव्हास्टॅटिनसारखं दुसरं स्टॅटिन अनेकांना मानवतं. एलडीएलचं लक्ष्य त्यांच्यासाठी ५५ च्या खाली आहे, आपल्याकडचे लिपिडतज्ज्ञ तर ५० च्या खाली म्हणतात. ११८ वरून तिथे पोचायला स्टॅटिनची मात्रा वाढवून सोबत एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी लागेल, बहुधा तेवढंही पुरणार नाही, मग पीसीएसके९ रोखणारं इंजेक्शन किंवा वर्षातून दोनदा द्यायचं इन्क्लिसिरान यांचा खर्च मोजून विचार करावा लागेल. बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं लॅबच्या कागदावर दिसेल, त्यावर विसंबू नका. ती मर्यादा निरोगी माणसासाठी छापलेली असते. आणि तंबाखू किंवा मशेरी चालू असेल तर ती याच आठवड्यात बंद. बायपासनंतरही तंबाखू चालू ठेवणाऱ्याचे ग्राफ्ट कुठल्याही औषधाने फार काळ वाचत नाहीत.

तुम्ही स्वतः लिपिड प्रोफाइल, एकदा लायपोप्रोटीन(ए), एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि बीपी एवढं या महिन्यात करून घ्या. एफएच असेल तर तुम्हाला तो मिळण्याची शक्यता निम्मी आहे. एलडीएल १९० च्या वर निघालं तर ३३ हे वय औषधासाठी लवकर नाही, उशीरच आहे. १६० च्या वर निघालं तरी या इतिहासाच्या घरात मी ते सोडून देणार नाही. सीटी स्कॅनमधला कॅल्शियम स्कोअर (धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं मोजमाप) या वयात शून्य आला तर त्यावर निर्धास्त होऊ नका, तरुण धमनीतला मऊ थर त्यात दिसत नाही. काकांच्या मुलांनाही हे सगळं कळवा. तुमच्याइतकाच त्यांचाही तो प्रश्न आहे. तुम्हाला एफएच निघाला तर तुमच्या सहा वर्षांच्या मुलाचंही रक्त याच वर्षी तपासा. औषध लागलंच तर ते आठ-दहा वर्षांचा झाल्यावर सुरू करतात.

बहिणीची तपासणी मात्र तुमच्याही आधी व्हावी. तुम्ही लिहिलंय की तिचं पुढच्या वर्षी बाळाचं नियोजन आहे. गरोदरपणात कोलेस्टेरॉल नैसर्गिकरीत्याच चढतं, त्यामुळे तेव्हाच्या रिपोर्टवरून एफएचचं निदान करणं अवघड जातं. शिवाय तिला स्टॅटिन लागणार असेल तर ते गर्भधारणेच्या आधी थांबवून स्तनपान संपल्यावर पुन्हा सुरू करतात, म्हणजे मधली दोन-तीन वर्षं औषधाविना जातात. तिचा आकडा आजच हातात असेल, तर आधी काही महिने उपचार घ्यायचे का आणि गोळी कधी थांबवायची, हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवू शकतील. उपाशीपोटी जाण्याचीही गरज नाही, कोणत्याही दिवशी रक्त देता येईल.